मिठागरांतून मूलद्रव्यांच्या सारणीकडे

एकदां वर्गांत आम्ही मूलद्रव्यांच्या आवर्त सारणीची उजळणी घेत होतों. एका विद्यार्थ्यानें पहिल्या वीस मूलद्रव्यांचीं नांवें न अडखळतां म्हणून दाखविलीं, परंतु "सोडियमच्या खालीं पोटॅशियमच कां?" असें विचारतांच तो गप्प झाला. दोष त्याचा नव्हता. पाढ्यांप्रमाणें सारणी घोकून घेण्याची चाल आम्हींच कित्येक वर्षें चालविली होती. त्या चुकीची अंशतः भरपाई म्हणून हा लेख.

आपल्या उपनगरांच्या पूर्वेस, घाटकोपर, कांजूर, भांडुप व मुलुंड यांच्या खाडीकांठीं पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकलें. भरतीचें पाणी आगरांत घ्यावयाचें, उन्हानें आटवावयाचें, आणि दाणा जमला कीं मीठ ओढून घ्यावयाचें. मागें जें कडू पाणी उरतें त्यांत मॅग्नेशियमचे क्षार असतात. थोडें पोटॅशियम व ब्रोमीनही असतें. सन १८२६ मध्यें बालार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें अशाच कडू पाण्यांतून ब्रोमीन शोधून काढलें. त्यापूर्वीं १८११ सालीं कूर्त्वा यानें समुद्रांतील शेवाळाच्या राखेंतून आयोडीन मिळविलें होतें. क्लोरीन तर मिठांतच आहे.

आतां या तिघांचे परमाणुभार पाहा. क्लोरीनचा ३५.५, आयोडीनचा १२७. दोहोंच्या बेरजेची निमपट सुमारें ८१ येते. आणि ब्रोमीनचा भार ८० आहे! क्लोरीन वायु, ब्रोमीन द्रव, आयोडीन घन. तरी सोडियमशीं संयोग पावून तिन्हीं मिठासारखेच क्षार देतात. जर्मन शास्त्रज्ञ डोबेरायनर यानें १८२९ सालीं अशीं त्रिकुटें दाखवून दिलीं.

सन १८६९ मध्यें रशियाच्या मेंडेलीव्हनें त्या वेळीं ठाऊक असलेलीं सुमारें ६३ मूलद्रव्यें भाराच्या क्रमानें मांडून समान गुणांचीं एका कुळांत आणलीं. जेथें जुळेना तेथें ओढूनताणून न बसवितां त्यानें घरें रिकामीं ठेविलीं, व त्यांतील एकास आपल्या संस्कृतांतील 'एक' हा शब्द जोडून 'एक-अल्युमिनियम' असें नांव दिलें. त्या घराचें मूलद्रव्य, गॅलियम, १८७५ सालीं फ्रान्समध्यें सांपडलें. शोधकानें त्याची घनता ४.७ सांगितली. मेंडेलीव्हनें कळविलें कीं, ती ५.९ च्या आसपास असावी, पुन्हा तपासा. धातु अधिक शुद्ध करून मोजतां ५.९ च भरली! ज्यानें तो धातु डोळ्यांनीं पाहिलाही नव्हता, त्याचें म्हणणें खरें ठरलें.

असें कां घडतें? सन १९१३ मध्यें मोसली यानें दाखविलें कीं, खरा क्रम भाराचा नसून परमाणुकेंद्रावरील धनभाराचा आहे. सोडियमच्या बाहेरच्या कवचांत एकच इलेक्ट्रॉन असतो. पोटॅशियममध्येंही एकच, परंतु तो केंद्रापासून अधिक दूर. म्हणून पकड ढिली. यास्तव पोटॅशियम पाण्यांत पडतांच पेट घेतें. उलट क्लोरीनच्या कवचांत एकाची उणीव असते व तें इलेक्ट्रॉन ओढून घेतें. आयोडीनचा परमाणु मोठा, म्हणून त्याची ओढ कमी. ओळींतून डावीकडून उजवीकडे जातां परमाणु लहान होत जातो, पकड घट्ट होते आणि धातूचे गुण ओसरतात. पाण्याशीं झगडणारा धातु व विषारी वायु यांपासून आपल्या ताटांतील मीठ होतें, तें यामुळेंच: एकास जें द्यावयाचें तेंच दुसऱ्यास हवें असतें.

पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलांस घरीं नांवें विचारूं नका, 'कां' विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, सारणींत पोटॅशियमच्या खालीं रुबिडियम आहे. तें तुम्हीं पाहिलेलें नाहीं, आमच्या प्रयोगशाळेंतही तें नाहीं. पाण्यांत टाकल्यास तें काय करील, हें पुस्तक न उघडतां कारणासह लिहून आणा. ज्यास तें सांगतां आलें, त्यास सारणी समजली असें आम्ही मानूं.