शब्द जोडीनं शिकवताना

झरी हे परभणी-जिंतूर रस्त्यावरचं मोठं गाव. इथल्या शेतकऱ्यांच्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्यामुळे आठवी-नववीच्या मुलाला शब्द पुष्कळ पाठ असतात, पण चार ओळी लिहायला सांगितलं की तो अडतो. त्याला शब्द सुटे दिले गेले आहेत. कोणता शब्द कोणाबरोबर आणि कुठे येतो, हे सांगायचं राहून गेलं. ते सांगताना हाती लागलेल्या या काही गोष्टी.

१. सुरुवात मराठीपासून करावी.

फळ्यावर मी फक्त ‘काढणे’ लिहितो. मुलं भराभर सांगतात: फोटो काढणे, कर्ज काढणे, धार काढणे, भांडण उकरून काढणे. मग ‘लागणे’. भूक लागते, नोकरी लागते, आग लागते. परभणीच्या स्टँडवर ‘बस लागली’ म्हटलं की लोक पिशव्या उचलतात. घाटातल्या प्रवासात ‘हिला बस लागते’ म्हटलं की शेजारीण खिडकीची जागा देते. हे ज्ञान मुलांना कोणी शिकवलेलं नाही, कानानं आलेलं आहे. इंग्रजीतही असंच चालतं, एवढं पटलं की अर्धी भीती जाते. फोटो आणि कर्ज यांना तिथे ‘टेक’ चालतं, धार काढायला मात्र ‘मिल्क’ हेच क्रियापद लागतं.

२. एका शब्दाला एकच अर्थ देऊ नये.

चहा कडक, शिस्त कडक, भाकरीही कडक. इंग्रजीत मात्र ‘स्ट्राँग टी’, ‘स्ट्रिक्ट डिसिप्लिन’ आणि भाकरीला ‘हार्ड’. चहा ‘पॉवरफुल’ होत नाही, इंजिन होतं. भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी १९६६ साली नेमकं हेच चहाचं उदाहरण घेतलं होतं. त्यांचे गुरू फर्थ १९२० च्या दशकात लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून कळतो, हा विचार त्यांनी पुढे मांडला. हॅरल्ड पामर यांनी तर १९३३ मध्येच टोकियोत, जपानी मुलांना इंग्रजी शिकवताना, अशा जोड्यांचा मोठा संग्रह छापला होता. परकी भाषा शिकवणाऱ्याला ही गरज आधी जाणवते, असं मला वाटतं.

३. हवामानाचा अंदाज हा उत्तम धडा आहे.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येते. ती मराठीत असते. मी तिच्याशेजारी हवामान खात्याचा इंग्रजी अंदाज ठेवतो. त्यात ‘हेवी रेनफॉल’ असतो. गप्पांमध्ये हेवी म्हणजे जोराचा, बस. खात्याच्या भाषेत मात्र त्याला माप आहे: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘व्हेरी हेवी’, आणि त्याहीवर ‘एक्स्ट्रीमली हेवी’. महसुली मंडळात ६५ मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला की अतिवृष्टी धरतात, हे आमच्या मुलांना घरच्या बोलण्यातून माहीत असतं, कारण झरी स्वतः मंडळ आहे आणि नुकसानीचे पंचनामे त्या आकड्यावर ठरतात. इंग्रजी शब्दाला असा आकडा चिकटला की तो विसरला जात नाही.

दुसरी जोडी ‘आयसोलेटेड प्लेसेस’. कथेत किंवा पोलिसांच्या बातमीत तिचा अर्थ निर्जन जागा. एका मुलीनं विचारलं, ‘सर, माणसं नसतील तिथंच पाऊस पडणार का?’ प्रश्न अगदी योग्य होता. अंदाजात ही जोडी म्हणजे तुरळक ठिकाणी: त्या भागातल्या पाऊसमापक केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर. पिंगळीत पडेल, झरीत कोरडं राहील. फवारणी आज करायची की थांबायचं, हे यावर ठरतं.

आणि ‘हेवी’ जमिनीलाही लागतो. आमच्या काळ्या रानाला आपण भारी जमीन म्हणतो, शेतीची इंग्रजी पुस्तकं ‘हेवी सॉइल’ म्हणतात. माळाची हलकी, ती ‘लाइट सॉइल’. दोन भाषा अशा अचानक जुळतात तेव्हा वर्गाला फार आनंद होतो, मलाही.

४. आपल्या इंग्रजीला चूक म्हणून हिणवू नये.

परीक्षा देणे म्हणून आपण ‘गिव्ह एक्झाम’ म्हणतो. बाहेर ‘टेक’ म्हणतात. आपल्याकडे ‘पास आउट’ म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणं, इंग्लंडात बहुधा बेशुद्ध पडणं. अर्जाच्या शेवटचं ‘डू द नीडफुल’ आपल्या कचेऱ्यांत बिनदिक्कत चालतं. मी मुलांना दोन्ही रूपं सांगतो आणि कोणतं कुठे वापरायचं तेही. गावाचं बोलणं टाकून पुण्याची भाषा शिका, असं सांगणारा मास्तर जसा मुलाला तोडतो, तसंच हेही तोडणं होईल.

५. घरात जे इंग्रजी आहे तेच वाचायला लावावं.

कीटकनाशकाची बाटली धुऊन आणू नका, हात लावू नका, फक्त लेबलाचा फोटो आणा, असं मी बजावून सांगतो. त्यावर ‘कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन’ असतं. कीप, आउट, रीच हे तिन्ही शब्द येणाऱ्या मुलालाही सगळं वाक्य लागत नाही. जोडून शिकवलं की लागतं. त्याहून महत्त्वाचा ‘वेटिंग पीरियड’. आरोग्य विम्याच्या कागदात तो म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ठरावीक दावे मिळत नाहीत तो काळ. औषधाच्या शिफारशीत तो म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांमध्ये सोडायचे दिवस. ज्यांच्या घरी भेंडी, वांगी, टोमॅटो आहेत, त्या मुलांकडून मी हा आकडा वहीत लिहून घेतो आणि घरी वाचून दाखवायला सांगतो.