गाडी ‘मिसिंग’ का मारते? – दोष शोधण्याचा एक पाठ

विद्यार्थी मित्रहो, गेल्या पाठात आपण चार स्ट्रोकचे पेट्रोल इंजिन पाहिले. हवा आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही त्याची चार कामे तुमच्या लक्षात असतीलच. आता त्यातले तिसरे काम चुकले तर दोष कसा शोधायचा, ते पाहू.

गॅरेजमधला मिस्त्री अशा वेळी म्हणतो, “गाडी मिसिंग मारतेय.” एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेवर जळत नाही, किंवा अर्धेच जळते. गाडी थरथरते, पिकअप जातो. पालकांपैकी ज्यांनी जुनी स्कूटर पावसाळ्यात चालवली आहे, त्यांना याची ओळख नव्याने करून द्यायला नको! अशा वेळी बरेच लोक अंदाजाने एकेक सुटा भाग बदलत जातात. खर्च होतो आणि दोष राहतो. शिवाय न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि तो महागडा भाग तापून वितळतो.

उदाहरणासाठी आम्ही जपानच्या माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी घेतली आहे. ती १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम दाखवली गेली. तिचे सुरुवातीचे इंजिन १.६ लिटरचे, चार सिलिंडरचे. पुष्कळ हौशी मालक त्यावर बाहेरून टर्बो बसवून ताकद वाढवतात. अलीकडच्या गाडीतला संगणक इंजिनाच्या दांड्याचा वेग क्षणाक्षणाला मोजतो आणि कोणत्या फेरीला वेग किंचित घटला यावरून चुकलेला सिलिंडर ओळखतो. ‘पी०३०३’ असा संकेत आला की तिसऱ्यात गडबड आहे असे समजावे. ही सोय या जुन्या गाडीत नाही, म्हणून ती शिकायला चांगली.

आधी थोडे गणित. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत उभे असेल, तर प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा पेट्रोल जाळतो. चौघांचे मिळून १६००. एक सिलिंडर बंद पडला तर दर चौथा धक्का नाहीसा होतो, आणि तीच थरथर आपल्याला जाणवते.

कोणता सिलिंडर बंद आहे हे ओळखण्यासाठी इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचे वायरचे कनेक्टर काढून पाहतात. काढताच इंजिन आणखी मंदावले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीच बंद होता. प्लगची वायर उपटून पाहण्याची जुनी सवय मात्र वाईट. तिच्यात हजारो व्होल्ट असतात आणि पेट्रोल तर पडतच राहते. (हे प्रयोग जाणत्या माणसानेच करायचे, तुम्ही शेजारी उभे राहून पाहावे.)

आता या इंजिनाची एक गंमत. यात चार प्लगना दोनच कॉइल आहेत. १ आणि ४ एका कॉइलवर, २ आणि ३ दुसऱ्यावर. एकाच वेळी दोन्ही प्लगवर ठिणगी पडते. एकात हवा दाबलेली असते, दुसऱ्यात धूर बाहेर पडत असतो, म्हणून दुसरी ठिणगी वाया जाते. त्यामुळे १ आणि ४ दोन्ही चुकत असतील तर प्रथम कॉइलकडे पाहावे. एकटा ३ चुकत असेल तर कॉइलवरचा संशय कमी होतो. मग त्याचा प्लग, वायर किंवा इंजेक्टर. या गाडीत प्लगच्या वायर लवकर खराब होतात, हे तिच्या मालकांत प्रसिद्धच आहे. प्लग काढून पाहावा. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगी येत नाही. कोरडा असेल तर उलट. मग ३ चा प्लग २ मध्ये घालावा. दोष प्लगबरोबर २ मध्ये गेला तर प्लग खराब. ३ मध्येच राहिला तर प्लग निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर उत्तर कुणाचे, ते कळत नाही.

एवढे करूनही गाडी उभी असताना छान आणि टर्बोचा जोर आला की मिसिंग, असे झाले तर? इथे भौतिकशास्त्र कामी येते. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली दाखवले, की ठिणगी पडायला लागणारे व्होल्टेज हे दोन टोकांतील अंतर आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ठरते. टर्बोने सिलिंडरमध्ये दीडपट हवा कोंबली, तर दाबही साधारण त्याच प्रमाणात वाढतो. कॉइल मात्र जुनीच! कंपनीने प्लगचे अंतर १.० ते १.१ मिलिमीटर ठरवले आहे. टर्बो बसवणारे ते ०.८ च्या आसपास आणतात. दाब वाढला, अंतर घटवले, गुणाकार आवाक्यात राहिला. पैसे न खर्चता, फक्त फीलर गेज हातात घेऊन होणारा हा उपाय आम्हाला फार आवडतो.

हौशी मालक आणखी एका ठिकाणी हमखास फसतात. ते धुरातला ऑक्सिजन मोजणारा मीटर बसवतात. ठिणगी चुकली की त्या सिलिंडरची हवा न जळता, ऑक्सिजनसकट बाहेर येते. मीटर म्हणतो, “पेट्रोल कमी पडते आहे.” मालक पेट्रोल वाढवतो, प्लग आणखी भिजतो आणि मिसिंग वाढते. मीटर खोटे बोललेला नसतो. तो ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नव्हे. म्हणून ठिणगीची खात्री केल्याशिवाय त्याच्या आकड्यावरून पेट्रोलला हात लावू नये. खरोखरच पेट्रोल कमी पडत असेल, तर टर्बोच्या इंजिनात पिस्टनला धोका असतो, तेव्हा तो आकडा दुर्लक्षूनही चालत नाही.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक निघाले, तर सिलिंडरचा दाब मोजायचा. तो बाकी तिघांपेक्षा बराच कमी असेल तर आत थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट पाहावे लागते.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न : अशाच एका टर्बो लावलेल्या गाडीत चारही प्लग नवे, अंतर ०.८ मिलिमीटर. चढावर जोर दिला की २ आणि ३ चुकतात, १ आणि ४ उत्तम चालतात. प्रथम कोणता भाग तपासाल, आणि पेट्रोलच्या पंपावर संशय का घेणार नाही? उत्तर कारणासह वहीत लिहून विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावे.