खिशातले दोन कॅमेरे आणि चौथीचा वर्ग : कोणता घ्यावा?



"मुलांच्या हातात द्यायला छोटासा कॅमेरा घ्यायचा आहे, कोणता घेऊ?" हा प्रश्न मला हल्ली बरेच जण विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हटलं. आमच्याकडे निघोज्यात दोन कॅमेरे हाताशी आहेत. सोनीचा सायबर-शॉट डब्ल्यू ८३० एका पालकांनी दिला, आणि कॅननचा इक्सस १८५ सहकारी बाईंच्या कपाटात पडून होता. चौथीच्या वर्गाने परिसर अभ्यासाच्या तासाला दोन्ही भरपूर वापरले. त्यावरून आणि दोन्हींच्या माहितीपुस्तिकांतल्या आकड्यांवरून हा लेख.

आधी एक रास्त शंका. मोबाइल असताना कॅमेरा कशाला? खरं सांगायचं तर कमी उजेडात आजचा बरा मोबाइल या दोन्ही कॅमेऱ्यांपेक्षा चांगला फोटो काढतो. त्यामुळेच तर हे कॅमेरे बाजारातून जवळजवळ गेले. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली भिंग न बदलता येणारे असे १० कोटींहून जास्त कॅमेरे बाहेर पडले होते. २०२३ साली ती संख्या १७ लाखांच्या आसपास आली.

पण वर्गातला मोबाइल कोणाचा असतो? बाईंचा किंवा गुरुजींचा. त्यात आपली बँक, आपले मेसेज, आपली कुटुंबं. तो मुलांच्या हातात देताना आपलाच जीव वर-खाली होतो. शिवाय मुलांचे फोटो त्यातून कुठल्या ग्रुपवर आणि कुठल्या खात्यावर आपोआप चढतात, ते आपल्यालाही कळत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची धरली आहे. ज्या यंत्राला इंटरनेटच नाही, त्याचा फायदा इथे समजतो. फोटो कार्डावर राहतो आणि आपण काढू तेव्हाच बाहेर येतो.

आमच्या गावापुरतं आणखी एक कारण आहे. निघोजे म्हणजे चाकण एमआयडीसीच्या पोटातलं गाव. मोठमोठे वाहन कारखाने गावाच्या शिवेत आणि शेजारी आहेत. वर्गातली कितीतरी मुलं मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आई-वडिलांबरोबर आलेली. ठेकेदार बदलला की घर बदलतं, घर बदललं की शाळा. दिवाळीनंतर बाकावर दोन जागा रिकाम्या दिसतात. अशा मुलाच्या दप्तरात दाखल्याबरोबर वर्गाचा एक छापील फोटो असावा, असं मला वाटतं. त्या फोटोत ते मूल स्पष्ट दिसायला हवं. मागच्या रांगेत अर्धवट कापलेलं नको.

इथूनच आमची तुलना सुरू झाली.

चौकटीत किती मुलं मावतात?

दोन्ही कॅमेऱ्यांना '८ पट झूम' आहे. दुकानदार हाच आकडा सांगतो. पण आठ पट म्हणजे कशाच्या आठ पट, हे विचारा. सोनीचं भिंग २५ मिमीपासून २०० मिमीपर्यंत जातं, कॅननचं २८ पासून २२४ पर्यंत. (हे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबातले आकडे, तुलनेसाठी सगळे असेच सांगतात.) २०० भागिले २५, आठ. २२४ भागिले २८, तेही आठ! मुलांनी भागाकार करून पाहिला तेव्हा त्यांना मोठी गंमत वाटली. म्हणजे 'पट' सारखे असूनही चौकट सारखी नसते.

लहान आकडा म्हणजे रुंद नजर. पाच मीटर लांबून सोनीच्या चौकटीत सुमारे ६.९ मीटर रुंदी मावते, कॅननच्या चौकटीत सुमारे ६.२ मीटर. फरक ७० सेंटिमीटरचा. चौथीतली दोन मुलं खांद्याला खांदा लावून उभी करा आणि मोजा, साधारण तेवढाच भरतो. वर्गखोलीत मागच्या भिंतीला पाठ टेकल्यावर आणखी मागे सरकता येत नाही, तेव्हा ही दोन मुलं फोटोत येणार की नाही, हे भिंगाचा आकडा ठरवतो. हा पाठ मुलांना खडूने जमिनीवर आखून दाखवा. एका बिंदूतून निघालेल्या दोन रेषा, मध्ये अंतर, आणि टेपने मोजलेली रुंदी. कोन ही कल्पना इतकी पटकन डोक्यात शिरताना मी दुसरीकडे पाहिली नाही.

सोनीला 'पॅनोरमा' पण आहे. बटण दाबून कॅमेरा हळूहळू फिरवला की लांबलचक पट्टीसारखा फोटो तयार होतो. नदीकाठ दाखवायला छान. मुलांच्या रांगेला मात्र वापरू नका, कोणी हललं की त्याला दोन डोकी येतात.

मेगापिक्सेलचं प्रस्थ

दोन्ही कॅमेरे २० मेगापिक्सेलचे, म्हणजे फोटोत सुमारे दोन कोटी ठिपके. हा आकडा डब्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो आणि सगळ्यात कमी कामाचा असतो. चार बाय सहा इंचांचा फोटो छापायचा तर इंचाला ३०० ठिपके पुरतात. १२०० गुणिले १८०० करा, उत्तर २१ लाख ६० हजार. दोन कोटींच्या नवव्या हिश्शापेक्षाही थोडं कमी. म्हणून कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन फोटोचा आकार खुशाल कमी करा. कार्डात जास्त फोटो राहतील आणि शाळेचा जुना संगणकही गुदमरणार नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. हे दोन कोटी ठिपके बसवलेत कुठे? दोन्ही कॅमेऱ्यांतला सेन्सर साधारण ६.२ मिमी बाय ४.६ मिमीचा. तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा समजा. एका चौरस मिलिमीटरवर जवळपास सात लाख ठिपके. पावसात अंगणात परात ठेवली आणि शेजारी वाटी ठेवली, तर जास्त पाणी कशात साठेल? उजेडाचंही तसंच. ठिपका जेवढा लहान तेवढा त्यात उजेड कमी साठतो, मग फोटोत रवाळ दाणे उमटतात. संध्याकाळच्या स्नेहसंमेलनाचे फोटो असे का येतात, त्याचं उत्तर या वाटीत आहे.

दोन्हींचा सेन्सर सीसीडी प्रकारचा. सीसीडीची कल्पना १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बॉयल आणि स्मिथ यांनी मांडली, आणि त्यासाठी २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांच्या वाट्याला आलं. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी सीसीडी वापरून पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोंच्या वर, आणि एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद! मुलांना हे सांगितलं की ती आकडे मोजत २३ सेकंद बसून राहतात. आपले हे दोन्ही कॅमेरे बॅटरीसकट सव्वाशे ग्रॅमच्या आसपास आणि सव्वादोन सेंटिमीटर जाड आहेत.

झूम केलं की काय होतं

झूम केल्यावर दोन गोष्टी एकदम बिघडतात. पहिली, उजेड कमी होतो. सोनीच्या भिंगाचं तोंड रुंद बाजूला एफ ३.३ आणि पूर्ण झूमला एफ ६.३, कॅननचं ३.२ आणि ६.९. हा आकडा वाढला की उजेड वर्गाच्या प्रमाणात घटतो. हिशेब केला तर पूर्ण झूमला सोनीत उजेड साडेतीन पटींहून जास्त कमी होतो, कॅननमध्ये साडेचार पटींहून जास्त. दुसरी, हाताची थरथर मोठी होऊन दिसते.

आणि इथे दोघांतला सगळ्यात मोठा फरक आहे. सोनीत भिंगाचा एक भाग हाताच्या थरथरीच्या उलट दिशेला हलून चित्र स्थिर धरतो. कॅननच्या या मॉडेलमध्ये ती सोय नाही, जे काही सावरणं आहे ते फक्त डिजिटल. (त्याच्याच मोठ्या भावंडाला, इक्सस १९० ला, ती आहे.) बाभळीवरचे सुगरणीचे खोपे काढताना हे स्पष्ट दिसलं. सोनीचे बहुतेक फोटो चालण्यासारखे आले. कॅननचे निम्म्याहून जास्त हलले. मग एका मुलीने कॅमेरा कंपाउंडच्या भिंतीवर वहीच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि टायमर लावला. तिचा कॅननचा फोटो त्या दिवशीचा सगळ्यात स्वच्छ होता.

पळणाऱ्या मुलाचा फोटो मात्र दोन्हींत हलतोच. हात स्थिर झाला तरी मूल थोडंच स्थिर होणार आहे!

कॅनन कुठे सरस आहे

जवळच्या वस्तूंसाठी. कॅननचा जवळचा मोड लावला की भिंगापासून अगदी एका सेंटिमीटरवरच्या वस्तूवरही फोकस होतो. सोनीला साधारण पाच सेंटिमीटर लागतात. मुंगीची वाट, तुरीचं फूल, मोड आलेला मूग, नाण्यावरची अक्षरं हे सगळं कॅननने काढावं. एवढ्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याची सावली वस्तूवर पडते, म्हणून खिडकीशी उजेड बाजूने येईल असं बसा. फ्लॅश बंद.

चार्जिंगचंही तसंच. कॅननची बॅटरी बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर लावायची असते, त्यामुळे दुसरी बॅटरी घेतली की काम थांबत नाही. सोनी कॅमेऱ्यातच चार्ज होतो, तोवर तो अडकून पडतो. एका चार्जिंगमध्ये दोन्ही दोनशेच्या आसपास फोटो काढतात, पण मुलं पडद्यावर पुन्हापुन्हा फोटो पाहतात, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच धरा. पडदे दोन्हींचे २.७ इंची आणि उन्हात दोन्ही जवळजवळ दिसत नाहीत. व्हिडिओ दोन्हींत ७२० चाच. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

इंद्रायणीची नोंद

कॅमेरा हाती आल्यावर काय करायचं, याचं आमचं एक उदाहरण देते. गावाच्या अंगाने इंद्रायणी वाहते. देहूकडून येते, पुढे आळंदीला जाते. आळंदीजवळ पाण्यावर फेस आल्याच्या बातम्या दरवर्षी आपण वाचतो. मुलं विचारतात, "बाई, आपल्याकडे पण येतो का?" ऐकीव उत्तर देण्यापेक्षा महिन्यातून एकदा, एकाच झाडाखालून, त्याच वेळेला, झूम न करता एक फोटो काढायचा असं ठरवलं. काठापासून लांब उभं राहून, दोन शिक्षक बरोबर असताना. हे काम सोनीला दिलं, कारण रुंद नजर.

यात दोन गोष्टी पाळाव्या लागतात, नाहीतर वर्षभराची मेहनत फुकट. कॅमेरा रंग आपल्या मनाने 'सुधारतो', त्यामुळे गढूळ पाणी एका महिन्यात पिवळट तर दुसऱ्या महिन्यात करडं दिसू शकतं. म्हणून मेनूत रंगाची सेटिंग 'सूर्यप्रकाश' अशी पक्की ठेवायची आणि फोटोच्या कोपऱ्यात एक पांढरा कागद येऊ द्यायचा. दोन फोटोंतला कागद सारखा पांढरा दिसला तरच पाण्याच्या रंगाची तुलना करायची. आणि तारीख! बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की कॅमेऱ्याचं घड्याळ मुळावर जातं. निघण्याआधी एका मुलाने तारीख-वेळ मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने फळ्यावरच्या तारखेशी ताडून पाहायची. तारीख चुकलेला फोटो आम्ही नोंदीत धरत नाही, कितीही सुंदर असला तरी.

मग घ्यायचा कोणता?

एकच घेणं शक्य असेल तर सोनी. वर्गाचा फोटो, नदी, झाडावरचे पक्षी, सहल यांत रुंद भिंग आणि स्थिरता दोन्ही उपयोगी पडतात. तुमचं काम मुख्यतः बिया, किडे, वहीची पानं, मुलांची चित्रं असं असेल तर बिनधास्त कॅनन घ्या, आणि सोबत टायमर वापरायला शिकवा. घरी एकच मूल असेल आणि चांगला मोबाइल असेल, तर पालकांनो, नवीन खर्च करू नका. जुना मोबाइल सिम काढून, इंटरनेट बंद करून मुलाला द्या.

दोन्ही मॉडेलं जुनी आहेत, सोनीचं २०१४ चं, कॅननचं २०१७ चं. त्यामुळे बहुधा वापरलेलाच मिळेल. सध्या तरुण मुलांत जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची हौस आली आहे, म्हणून भाव काहीही सांगतात. घेताना कॅमेरा दोन-तीनदा चालू-बंद करून भिंग न अडखळता बाहेर येतंय का ते ऐका. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून त्यावर काळे ठिपके आहेत का पाहा. असतील तर आत धूळ गेली आहे. बॅटरी टेबलावर आडवी ठेवा, ती डुगडुगली तर फुगलेली आहे. पूर्ण झूम करून दुकानाच्या बाहेरची पाटी टिपा आणि पडद्यावर मोठी करून वाचा. शेवटी बॅटरीचं झाकण चार वेळा उघडून बंद करा. मुलांच्या हातात सगळ्यात आधी तेच तुटतं. आत्ताच सैल असेल तर तो कॅमेरा सोडून द्या.