पिंपांतील बीअर व वायूचा जमाखर्च

उन्हांत तापलेली सोड्याची बाटली उघडतांच पाणी फसफसून बाहेर येतें. तीच थंड असल्यास शांतपणें उघडते. कारण थंड द्रवांत कर्बाम्ल वायु, ज्यास हल्लीं कार्बन डायऑक्साइड म्हणतात, अधिक विरघळतो. ऊन द्रवांतून तो निसटूं पाहतो. पाश्चात्य देशांतील लोक घरीं केलेल्या बीअरचीं पिंपें शीतगृहावांचून कशीं साठवितात, हें या नियमावरून समजेल.

ब्रिटनमध्यें घरगुती बीअरवरील परवान्याचें बंधन १९६३ सालीं उठलें. अमेरिकेंत १९७८ च्या केंद्रीय कायद्यानें कुटुंबापुरती मोकळीक मिळाली. आपल्याकडे परवान्यावांचून बीअर करणें १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें गुन्हा आहे. तेव्हां हा पाठ कृतीसाठीं नसून वायूचा धर्म समजण्यासाठीं आहे.

मोड आणलेल्या जवाचा अर्क आंबवून झाला, कीं तो १९ लिटरांच्या पोलादी पिंपांत भरतात, थोडी साखर घालतात व झांकण घट्ट लावतात. यीस्ट ती साखर खाऊन वायु उत्पन्न करतें. वायूस वाट नसल्यामुळें तो बीअरमध्येंच मुरतो.

आतां हिशेब पाहूं. लिटरभर बीअरमध्यें एक लिटर वायु मुरला म्हणजे एक पट. सामान्यतः अडीच पट हवा असतो. २० अंश सेंटिग्रेडवर आंबलेल्या बीअरमध्यें सुमारें ०.८५ पट आधींच शिल्लक असतो, उरले १.६५. एका पटीस दर लिटरीं सुमारें ४ ग्रॅम साखर लागते. म्हणजे लिटरास ६.६ ग्रॅम, व पिंपास सुमारें १२५ ग्रॅम. आरंभींची शिल्लक न धरणारा १९० ग्रॅम घालील व फेंस मात्र पदरीं घेईल.

याहून मोठी चूक घाईची. आंबणें पुरें होण्यापूर्वीं झांकण लावल्यास मागें उरलेली साखर हिशेबाबाहेर राहते व दाब वाढत जातो. कांचेची बाटली अशानेंच फुटून इजा करते. म्हणून हायड्रोमीटरचा आंकडा तीन दिवस स्थिर राहिल्याखेरीज जाणते लोक बीअर भरीत नाहींत.

भरलेलें पिंप सुमारें २० अंशांत दोन-तीन आठवडे ठेवतात. अडीच पट वायु धरण्यास तेथें दर चौरस इंचास २८ पौंड दाब लागतो. ४ अंशांवर १२ पौंड पुरतो. नळकांड्यांतून वायु भरणारानें ऊन खोलींत १२ पौंडच ठेवल्यास बीअर फिकी राहते. झांकणास साबणाचें पाणी लावून गळती पाहतात, व काढण्यापूर्वीं पिंप थंड करतात. उष्णतेनें चव लवकर उतरते, म्हणून घरांतील थंड कोपराच बरा.

शेवटीं आपल्या कामाची गोष्ट. हा वायु हवेहून जड असून बंद तळघरांत गळाल्यास प्राणघातक होतो. धान्याच्या पेवांतही धान्याच्या श्वसनानें हाच वायु सांचतो व प्राणवायु कमी होतो. दिवा सोडून पाहण्याची आपली जुनी चाल आहे. दिवा विझला तर धोका निश्चित; पण जळत राहिला म्हणून निर्धास्त होऊं नये. पेव आधीं पुष्कळ वेळ उघडें ठेवून वारा खेळूं द्यावा, एकट्यानें उतरूं नये, आणि आंत कोणी पडल्यास त्याच्यामागें तसेंच उडी घालूं नये.