‘थोडासाच’ वाढलेला रक्तदाब

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल (एसएस) आहे. वय 32, राहणार गडचिरोली जिल्हा. शिबिरात रक्तदाब 136/86 निघाला. ‘थोडासाच जास्त आहे’ म्हणून सोडून द्यायचे का?

उत्तर : नाही, सोडून देऊ नका. एसएस रुग्णांचा रक्तदाब मुळात त्याच वयाच्या इतरांपेक्षा कमी असतो. रक्त कमी असते, शिवाय मूत्रपिंडांतून पाणी आणि मीठ जास्त निघून जाते. म्हणून इतरांमध्ये किंचित वाढलेला वाटणारा 136 हा आकडा तुमच्या भावासाठी खरोखर जास्त आहे. अशा रुग्णांत पक्षाघात आणि मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका वाढलेला आढळतो. प्रौढ रुग्णांत रक्तदाब 130/80 किंवा त्याहून कमी ठेवावा, असे तज्ज्ञ सुचवतात.

दुखणे नसताना, शांत बसवून, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजा. वेदनेत रक्तदाब वाढतोच. लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. मला जास्त काळजी मूत्रपिंडांची वाटते, कारण ती मुकाट्याने बिघडतात. अल्ब्युमिन जात असेल तर एनालाप्रिल किंवा लोसार्टनसारखे औषध उपयोगी पडते. त्यावर पोटॅशियम तपासत राहावे लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मात्र जपूनच, कारण शरीरातले पाणी घटले की वेदनेचा झटका येऊ शकतो.

अंगदुखीवर दुकानातून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणून घेतो का, हे जरूर विचारा. त्यांनी रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडेही दुखावतात. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर स्वतःहून बंद करू नये. तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, बोबडे बोलणे यांपैकी काहीही दिसले तर 108 ला फोन करा.