निनादला, इंजिन घेण्याआधी



तुझ्या टोयोटा एमआर-टू स्पायडरचं इंजिन गेलं आणि त्या जागी तू कॅम्रीचं व्ही-सिक्स बसवणार आहेस, असं ताईकडून कळलं. तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. गाडी जेमतेम १,००० किलोची. मूळचं वन-झेडझेड इंजिन १३८ अश्वशक्तीचं आणि टायर, ब्रेक, सस्पेन्शन सगळं त्याच मापाचं. व्ही-सिक्सची ताकद त्याच्या जवळजवळ दुप्पट, वजनही जास्त, आणि ते येणार सीटच्या मागे. अशा गाडीत भर वळणावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की भार पुढे सरकतो, मागच्या टायरांची पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. मागे वजन जितकं जास्त, तितकं तिला सावरणं अवघड. पावसात तिकडच्या स्कायलाइन या घाटरस्त्याच्या एखाद्या वळणावर तुझा पाय असा उचलला जाईल, हीच माझी भीती.

लोटसनेही एक्सिजमध्ये टोयोटाचं व्ही-सिक्स घातलं, असं तू म्हणशील. घातलं खरं, पण २०१२च्या त्या गाडीचा व्हीलबेस त्यांनी २,३०० मिलिमीटरवरून २,३७० केला आणि चाकांमधली रुंदीही वाढवली. तुझ्या गाडीचा व्हीलबेस मुळातच २,४५० आहे, हे मान्य. पण लोटसने नव्या वजनासाठी अख्खी गाडी पुन्हा जुळवली. तुझ्या गॅरेजवाल्याकडून फार तर माउंट बनवून मिळतील. ‘ताकद असली म्हणून मी ती वापरीनच असं नाही,’ हेही तू म्हणशील, आणि तुझ्या समजूतदारपणावर माझा विश्वास आहे. पण ताकद न वापरणं तुझ्या हातात आहे, वजन मात्र प्रत्येक वळणावर सोबत असणारच.

म्हणून सेलिका जीटी-एसचं टू-झेडझेड घे, सहा गिअरच्या गिअरबॉक्ससकट. ते १.८ लिटरचंच, वन-झेडझेडच्याच घराण्यातलं, तरी १८० अश्वशक्तीचं. लोटसने एलिसमध्ये हेच वापरलं. सुमारे ६,२०० आरपीएमनंतरच ते खरं खुलतं, हा आक्षेप बरोबर आहे, पण घाटात मला तेच हवंसं वाटतं: ताकद तू मागितल्याशिवाय येत नाही. होंडाचं के-२० इंजिनही उत्तम, पण त्यासाठी माउंट, अ‍ॅक्सल, वायरिंग सगळंच बदलावं लागेल. शिवाय कॅलिफोर्नियात बदललेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा नंतरचं लागतं, त्याची प्रदूषणरोधक यंत्रणा पूर्ण लागते आणि स्मॉग रेफरीची तपासणीही होते. सुरुवातीच्या टू-झेडझेडमध्ये व्हॉल्व्हच्या लिफ्ट यंत्रणेचे बोल्ट झिजत, ते बघून घे. चुकीचा खालचा गिअर पडून इंजिन मर्यादेबाहेर फिरलं, तर त्याचा ऑइल पंप फुटू शकतो, हेही लक्षात ठेव. आणि आधी जुनं इंजिन कशाने गेलं, ते शोध. या गाड्यांच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधलं छोटं कॅटॅलिस्ट चुरा होऊन इंजिनात ओढलं जायचं.

जरा कडक लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या वयात असा छंद करायला मला ना पैसा होता ना सवड, आणि त्याची हळहळ अजून आहे. तू तो सोडावास, असं मला मुळीच वाटत नाही. गाडी सुरू झाली की तिचा आवाज मला फोनवर ऐकव. फक्त पावसाळी दिवसांत घाटात जपून जा बाळा, आणि घरी पोचलास की ताईला कळव.

तुझा,
मामा