इंजिनाची तक्रार

तुमच्यापैकी पुष्कळांना मोटारसायकलचे वेड असेल. माझ्या भाच्यालाही आहे. त्याच्याकडे एक जुनी यामाहा आरएक्स १०० आहे. ही गाडी भारतात १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन थांबले. भाच्याने तिला जाड नक्षीचे टायर बसवले आणि मातीच्या मैदानावरील शर्यतीसाठी तो सराव करू लागला. एवढ्या जुन्या गाडीला इतके पळवावे काय, असे मी त्याला विचारले होते. त्याने ऐकले नाही.

पुढे इंजिनाचा जोर कमी झाला. आम्ही गाडी एका गॅरेजात दिली. मिस्त्रींनी ब्लॉक बोअर करून आणला, नवा पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या. आठवड्याने गाडी मिळाली. आम्ही पैसे दिले, पण पावती मागितली नाही. ही चूक आमची.

दोन दिवसांनी भाचा म्हणाला, "मामू, मी रेस सोडली तरी इंजिनाचा आवाज खाली येत नाही. कधी कधी आपोआप वाढतो." मी लक्ष दिले नाही. तिसऱ्या दिवशी मैदानावर इंजिन एकाएकी जाम झाले आणि मागचे चाक घासत गेले. त्याने चटकन क्लच दाबला म्हणून तो वाचला. फक्त गुडघा खरचटला. हेच हमरस्त्यावर, मागून ट्रक येत असताना झाले असते तर?

असे का झाले, ते समजून घ्या. या गाडीचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. त्यात पेट्रोल, हवा आणि तेल यांचे मिश्रण आधी खालच्या चेंबरमध्ये येते व तेथून वर सिलिंडरमध्ये जाते. ब्लॉक आणि चेंबर यांच्यामध्ये कागदासारखे पातळ पॅकिंग असते. ते नीट बसले नाही तर फटीतून जादा हवा आत शिरते. मिश्रणात पेट्रोल कमी पडते, म्हणून रेस आपोआप वाढते आणि इंजिन फार तापते. मग पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो. इंजिन बोलत होते. आम्हीच ऐकले नाही.

भाचा रागावला होता. "मी आत्ताच इंजिन खोलतो आणि त्यांच्यापुढे नेऊन टाकतो," असे तो म्हणाला. मी त्याला दोन गोष्टी करू दिल्या नाहीत. एक, पुन्हा किक मारणे. त्याने नुकसान वाढते. दुसरी, इंजिन घरी खोलणे. आपण एकदा पाना लावला की चूक कोणाची, हे कोण सांगणार? आम्ही गाडी ढकलत गॅरेजात नेली.

आता तक्रार कशी सांगितली, ते पाहा. "तुम्ही काम बिघडवले" असे मी म्हटले असते, तर भांडणच झाले असते. मी म्हणालो, "मिस्त्री, रेस सोडल्यावरही आवाज उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी इंजिन जाम झाले. ब्लॉकखाली तेलाचा ओलावा दिसतो. कृपा करून आमच्यासमोर खोला."

"सर, नवा पिस्टन आहे. पोराने फार पळवली असेल," ते म्हणाले.

"एकदा पूर्ण रेस दिली होती," भाच्याने कबूल केले. मला ते आवडले. नवे पिस्टन बसल्यावर काही दिवस गाडी हळू चालवायची असते.

मिस्त्रींनी प्लग काढला. त्याचे टोक तपकिरी असायला हवे होते. ते पांढुरके होते. ब्लॉक उचलला तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे दिसले. आणि खाली, नव्या पॅकिंगच्या शेजारी, जुन्या पॅकिंगचा एक तुकडा चिकटून राहिला होता. तो खरवडून काढायला पाच मिनिटे पुरली असती. मिस्त्री बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहत राहिले. त्यांनी आपल्या हाताखालच्या मुलाला हाक मारली नाही, त्याच्यावर खापर फोडले नाही. "हे माझ्या हातून राहिले," एवढेच ते म्हणाले.

नव्या पिस्टनचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, मजुरीही घेतली नाही. पॅकिंग आणि तेलाचे पैसे आम्ही दिले. या वेळी पावती घेतली. त्यांनी नकार दिला असता तर? पैसे देऊन करून घेतलेल्या कामातही ग्राहकाला हक्क असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पण तेथे पहिला प्रश्न पावतीचाच येतो आणि आमच्याकडे पहिल्या कामाची पावती नव्हती.

तो ओरखडलेला पिस्टन मिस्त्रींनी वर्तमानपत्रात गुंडाळून आम्हांला दिला. सध्या तो माझ्या टेबलावर आहे. भाचा गाडी अजून चालवतो. डाव्या हाताची दोन बोटे मात्र सदैव क्लचवर असतात.